कॅबिनेटमधला ताईत

ताईच्या कॉम्प्युटरला सहा यूएसबी पोर्ट होते, चार मागे आणि दोन पुढे, आणि सहाही बंद पडले होते. एखाददुसरं पोर्ट बिघडलं असतं तर मी पेन ड्राइव्ह दुसरीकडे लावला असता आणि गप्प बसलो असतो. गप्प बसणं मला चांगलं जमतं. पण सहाही ठिकाणी लावून पाहिलं, तरी पेन ड्राइव्हचा छोटा दिवा काही लागेना.

हा कॉम्प्युटर मी अकोल्याहून अमरावतीला आणला तो एसटीत, मांडीवर घेऊन. ताई गेल्यावर तिच्या भाड्याच्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. भांडी मोलकरणीला दिली, पुस्तकं शाळेला दिली, आणि हे एक चादरीत गुंडाळून घेतलं. मूर्तिजापूरच्या अलीकडे कंडक्टरने चादरीकडे पाहून विचारलं, "हे अर्धं तिकीट का पूर्ण?" मी म्हणालो, "कॉम्प्युटर आहे." तो म्हणाला, "मंग झोपू द्या बिचाऱ्याले." घरी आणल्यावर मी खरंच त्याला झोपू दिलं. दहा-अकरा महिने तो चादरीतच होता.

ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. अकोल्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. ती मला कधी नावाने हाक मारत नसे. "काय ग्रंथपाल, आज कोणत्या पुस्तकात जेवले?" अशी सुरुवात असायची.

ती वर्षं आमच्या भागाला वाईट होती. पेपरच्या पहिल्या पानावर रोज शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत आमच्याच तालुक्यांची नावं. बाहेरगावच्या गाड्या यायच्या, कॅमेरे घेऊन माणसं शाळेतही यायची. एका पाहुण्याने ताईच्या वर्गातल्या मुलांना सांगितलं, जरा गंभीर चेहरे करा. ताईने त्याला फळ्याजवळ उभं केलं आणि तेराचा पाढा म्हणायला लावला. सात तेरांपाशी तो अडला आणि सगळा वर्ग हसला. "असा फोटो काढा," ताई त्याला म्हणाली.

त्यानंतर तिने मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक लिहायला घेतलं. चित्रं मुलांचीच, शाळेत स्कॅन करून घेतलेली. पुस्तकाला तिने दोन नियम लावले होते. यात कोणी मरणार नाही, आणि यात कोणी शहाणं होणार नाही. एका गोष्टीत बकरी शाळेचा हजेरीपट खाते आणि महिनाभर सगळे हजर धरले जातात. दुसरीत एक कोंबडी आमच्या छोट्या लाइनीच्या गाडीला मागे टाकते आणि पुढच्या स्टेशनावर तिची वाट पाहत बसते. हे सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं.

शाळेने ठरवलं की ताईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी हे पुस्तक छापून मुलांच्या हातात द्यायचं. मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला तेव्हा बारा दिवस उरले होते. छापखान्याला फाइल चार दिवसांत हवी होती. मी हो म्हणालो आणि चादर सोडली.

कॉम्प्युटर सुरू झाला. कीबोर्ड आणि माउस जुन्या गोल पिनांचे होते, ते चालले. फाइलही दिसली. मी ती उघडली, पहिल्या पानावर एका पोराने काढलेली ताई दिसली, चष्मा चेहऱ्याहून मोठा, आणि मी फाइल बंद केली. मग पेन ड्राइव्ह लावला आणि वर सांगितलं ते झालं. सीडीचा ड्राइव्ह फक्त वाचणारा होता. फ्लॉपीत एवढी चित्रं मावणं शक्य नव्हतं. प्रिंटरही यूएसबीनेच जोडायचा. इंटरनेट तिच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं.

ग्रंथपाल असल्यामुळे मी पुस्तक शोधलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक जाड पुस्तक आमच्याकडे होतं, ते आजवर कोणी नेलेलं नव्हतं. पहिला वाचक मीच. त्यात होतं तसं सगळं केलं. शेजाऱ्यांचा दुसरा पेन ड्राइव्ह लावून पाहिला. रंगवायच्या ब्रशने पोर्टांतली धूळ काढली. कॉम्प्युटर बंद करून भिंतीतली वायर काढली, चालू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं, वायर परत लावली. शेवटी कॉम्प्युटरला जोडलेल्या भागांची यादी उघडली. बिघडलेल्या भागापुढे पिवळं चिन्ह असतं असं पुस्तकात होतं. तसं चिन्ह नव्हतं, कारण यूएसबीची ओळच यादीत नव्हती. या यंत्रात यूएसबी नावाची गोष्ट कधी नव्हतीच, असा त्याचा चेहरा. ताई खोटं बोलायची तेव्हा तिचा असाच चेहरा व्हायचा.

पुस्तकात पुढचा प्रश्न होता, अलीकडे या यंत्रात कोणी काही बदल केला आहे का? मी "नाही" म्हणून पान उलटलं.

यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर रिक्षात घालून कोचिंग क्लासेसच्या गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. माणूस माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. त्याने मागची-पुढची पोर्टं तपासली, म्हणाला, "मदरबोर्ड गेला असंन सर. खोलून पाहू." स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला, आत वाकला आणि तसाच थांबला.

"सर," तो हळू आवाजात म्हणाला, "घरी कोणी आजारी होतं का?"

"माझी बहीण. होती."

त्याने हात बाहेर घेतला आणि पँटला पुसला. आत, पॉवर सप्लायच्या डब्याला काळ्या दोऱ्याने एक पुडी बांधलेली होती. प्लास्टिकमध्ये घडी केलेला कागद, आणि कागदावर उर्दू अक्षरं.

"ताईत हाये," तो म्हणाला. "मी काही अशा गोष्टी मानत नाई सर. पण हातबी लावत नाई." पत्रा हातात घेऊन त्याने कॅबिनेटच्या मागचं स्टिकर दाखवलं. "दुकान अकोल्याचं हाये. तिथंच न्या. ज्यानं बांधला त्यालेच सोडू द्या." पत्रा बसवण्याआधी मी तो दोरा सोडला आणि पुडी खिशात घातली. न उघडता.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, हे ताईला कळलं असतं तर तिने विचारलं असतं, कोणत्या पुस्तकात जेवले. शाळेच्या दारावर कोणी लिंबू-मिरची बांधली की ताई लिंबू सोडवून त्याचं सरबत करायची आणि बांधणाऱ्यालाच पाजायची. अशा ताईने, आजारपणात, कोणाकडून तरी ताईत आणला. तो गळ्यात घालायची लाज वाटली म्हणून कॉम्प्युटरच्या पोटात लपवला. म्हणजे ती घाबरली होती. आणि मला ते माहीत नव्हतं.

तिच्याकडे शेवटचा गेलो होतो तेव्हा निघताना ती म्हणाली होती, "दोन दिवस थांबतं का?" कॉलेजात पुस्तकांची वार्षिक मोजणी होती. मी तसं सांगितलं. "जाय बाप्पा," ती म्हणाली, "एखादं पुस्तक पळून गेलं तर कठीण व्हायचं." मी हसलो होतो. आता त्या वाक्यातली भीती मी शोधत होतो आणि मला ती सापडत होती. जे शोधायचं ठरवलं ते सापडतंच, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं.

सकाळी पहिल्या एसटीने अकोला. मांडीवर पुन्हा चादर. फाइलपेक्षा मला आता त्या पुडीचं उत्तर हवं होतं. ताई कशाला घाबरली होती, तेवढं मला विचारायचं होतं.

स्टिकरवरचं दुकान अर्धं घड्याळांचं आणि अर्धं कॉम्प्युटरचं निघालं. एका भिंतीवर घड्याळं, प्रत्येकाची वेळ निराळी. समोर पांढऱ्या दाढीचा माणूस, डोळ्याला भिंग लावून बसलेला. त्याने चादरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मॅडमचे भाऊ का? या. मी म्हणून राहिलो होतो, अजून आले कसे नाईत."

मी पुडी काउंटरवर ठेवली. "हा ताईत कोणी दिला, तेवढं सांगा."

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. पुडी उलटीसुलटी केली. हसू आवरायला त्याला बराच वेळ लागला. माझा चेहरा पाहून त्याने प्रयत्न मात्र मनापासून केला.

"ताईत नाई हो सर. चिठ्ठी हाये माही. अब्बा घड्याळाले चिठ्ठी बांधत, काय बिघडलं, काय केलं. मी कॉम्प्युटरले बांधतो. पटपट लिवाले मले उर्दूच येते. अन् उंदीर खाऊ नये म्हून पन्नीत."

"काळा दोरा?"

"पांढरा मळते."

त्याने पुडी उघडली आणि वाचून दाखवलं. "सारे यूएसबी बंद. मॅडमच्या हुकमावरून. कारण, भाऊ."

मी विचारलं, "कोणाचा भाऊ?" त्याने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

मग सगळं बाहेर आलं. ती गेली त्याच्या आदल्या दिवाळीत ताईने मला ती फाइल वाचायला दिली होती. मी ती पेन ड्राइव्हवर घरी नेली, आणि प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहिलं. मला वाटलं होतं, लहान मुलांच्या पुस्तकात ते राहून गेलं असावं. फाइल परत दिली ती कॉलेजच्या कॉम्प्युटरवरून, तिथले व्हायरस सोबत घेऊन. ताईचा फोन मला आठवला. "बकरीनं हजेरीपट खाल्ला, अन् तू आता बकरीले अक्कल शिकवून राहिला का?" मी तेव्हा सविस्तर पत्र लिहून माझी बाजू मांडली होती.

"व्हायरस तर मी दहा मिनिटांत काढला," दुकानदार म्हणाला. "पण मॅडम म्हणे, तात्पर्य कसं काढता? म्या म्हटलं, त्याचं औषध नाई आपल्याकडे. मंग म्हणे, सारे दरवाजेच लावून टाक. हे पाहा, सुरू होतानाच एक निळा पडदा येते, तिथून बंद केले अन् वर पासवर्ड. खराब काही नाई झालं."

मी म्हणालो, "तेव्हा ती आजारी होती?"

"हो."

"घाबरली होती?"

त्याने एक घड्याळ हातात घेतलं, चावी दिली, कानाशी नेलं. "बिमारीचं मले नाई सांगता येत. माह्या पोरीले शिकवलं त्यांनी, पण माह्याशी तसं बोलत नसत. पुस्तकासाठी घाबरत होत्या. म्हणे, मी नसली का तो येईन, अन् सारं सुधरवून ठेवन."

"मग बाहेर कसं काढायचं ठरवलं होतं?"

"म्हणे, तो दोन दिवस दुरुस्तीचं पुस्तक वाचून पाहीन, जमणार नाई, मंग तुमच्याकडेच येईन. तुमी काढून देजा, थेट छापखान्यात. त्याच्या हाती देऊ नका."

दोन दिवस. तिचा अंदाज एका दिवसाने चुकला, कारण अमरावतीच्या दुरुस्तीवाल्याचा दिवस तिने धरला नव्हता.

त्याने कॉम्प्युटर सुरू केला, निळ्या पडद्यावर पासवर्ड टाकला, दोन-तीन ठिकाणी काही बदललं. परत सुरू झाल्यावर मी खिशातून माझा पेन ड्राइव्ह काढला. त्याने तो दोन बोटांनी धरून माझ्याच खिशात परत ठेवला आणि ड्रॉवरमधून स्वतःचा काढला. दिवा लागला. मी स्टूल स्क्रीनजवळ ओढलं.

"बरोबर आली का ते पाहून घ्या," तो म्हणाला आणि फाइल उघडली. पानं सरकत गेली. तात्पर्य एकही नव्हतं, सगळी तिने खोडली होती. मग बकरीचं पान आलं. चित्रातल्या बकरीच्या तोंडात हजेरीपट होता, आणि तिचा चष्मा चेहऱ्याहून मोठा होता. खाली माझं वाक्य तसंच होतं.

तात्पर्य : महत्त्वाचे कागद जपून ठेवावेत.

आणि त्याच्याखाली ताईचं. "वरची ओळ माह्या भावाची हाये. बकरीनं वाचली नाई."

दुकानदार घड्याळांच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ तो कोणतं तरी घड्याळ सरळ करत होता.

निघताना त्याने विचारलं, "दरवाजे खुले ठेवू का बंद?" मी म्हणालो, बंद करा. त्याने जुन्याच चिठ्ठीची घडी केली, पन्नीत घातली आणि काळ्या दोऱ्याने होती तिथे बांधली.

पेन ड्राइव्ह त्याने लिफाफ्यात घालून चिकटवून दिला होता. तो तसाच न फोडता मी अमरावतीच्या छापखान्यात पोहोचवला. दोन दिवसांनी तिथून फोन आला. जुळणी करणारा माणूस शंकेखोर होता.

"सर, बकरीच्या पानाखाली दोन ओळी हायेत. गोष्टीतल्या वाटत नाईत. घेऊ का काढू?"

मी म्हणालो, घ्या. दोन्ही घ्या.

"खालची जरा तुमच्या विरुद्ध हाये, म्हून विचारलं."

"ती मोठ्या टाइपात घ्या," मी म्हणालो.