जात्यावरची पुढची ओळ

नवीन जालन्यातल्या सायबर कॅफेत मी आईला जवळजवळ ओढतच नेलं. बायकांनी गायलेल्या ओव्यांच्या एका वेबसाइटवर मला मावशीचा आवाज सापडला होता. माझ्या लग्नातल्या मानपानावरून या दोघी बहिणींनी अबोला धरला, आणि तो सुटायच्या आत मावशी गेली.

“मला न्हाई ऐकायचं,” आई म्हणाली. मीही इरेला पेटले होते. हेडफोन तिच्या कानांवर बसवला. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता आणि ओवी काही उघडत नव्हती. आईने पदर मुठीत आवळला होता.

मी ती ओवी आधी ऐकली होती. जात्यावर दोघी बसल्या की एकीने पहिली ओळ म्हणायची, दुसरीने पुढची. मावशी एकटीच दळत होती, तरी पहिल्या ओळीनंतर गप्प व्हायची. नुसती जात्याची घरघर ऐकू यायची.

ओवी सुरू झाली तशी आई ताठ झाली. मग एकदम, सगळ्या कॅफेला ऐकू जाईल अशा आवाजात, तिने पुढची ओळ म्हटली. लोक वळून बघायला लागले. मी हेडफोन काढायला गेले, तर तिने माझा हात झटकला.

“परत लाव,” ती म्हणाली. “ती थांबल्ती. मला उशीर झाला.”