सांगाड्यावरचा हिरवा रंग

बेळगावातल्या आमच्या खासबागेच्या घरामागे आप्पांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, दोन वर्षं खपून एक मोटार बांधली. इंजिन कँपातल्या लष्करी लिलावातलं, सांगाडा निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याच्या मोडक्या लॉरीचा, बाकी सगळं आप्पांचं. येळ्ळूरहून बेळगावला उतारू आणायचा त्यांचा बेत होता आणि त्यापायी गिरणीतली कायमची नोकरी त्यांनी सोडली होती. पण सरकारी तपासणीत पास झाल्याशिवाय मोटारीला नंबर मिळत नव्हता, आणि नंबराशिवाय ती आमच्या परसातच उभी राहणार होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी काकूने मोटारीखाली वाकून पाहिलं. लॉरीचा सांगाडा लांब, म्हणून आप्पांनी तो मधून कापून, दोन्ही अंगांना पट्ट्या लावून रिव्हेटांनी जोडला होता.

"ठिगळं दिसाय लागल्यात की सगळी," काकू म्हणाली. "उद्या बघाय येणार, आणि पोरगी अशीच उभी करणार व्हय?"

मुलगी कशी दाखवायची हे काकूला चांगलं ठाऊक होतं. त्या वर्षी मला दोनदा दाखवून झालं होतं आणि दोन्ही वेळा पावडर तिनेच लावली होती. आप्पा हसले, पण त्यांनाही ते पटलं असावं. लाकडातल्या भेगा बुजवायला रंगारी जी लांबी वापरतात ती त्यांनी रिव्हेटांवर थापली आणि वरून गडद हिरवा तेलरंग दिला. सकाळी काकूने हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. सांगाडा खरोखरच देखणा दिसत होता.

तपासायला आलेले साहेब अँग्लो-इंडियन होते. हिंदुस्तानी त्यांना हुकूम सोडण्यापुरती येई, म्हणून मला पुढे करण्यात आलं. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. माझ्या इंग्रजीचा घरात सगळ्यांना अभिमान होता. ते कुणी ऐकलेलं मात्र नव्हतं.

साहेबांनी आधी माळ उतरवून काकूच्या हातात दिली. मग फीत घेऊन सांगाड्याचं एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं, नंतर दुसऱ्या जोडीचं. दोन्ही सारखी भरली, म्हणजे चौकट वाकडी नव्हती.

"सांग त्यास्नी," आप्पा खूश होऊन म्हणाले, "घराचा पाया आखत्यात तशी सुतळी लावलीया."

मी सांगितलं. साहेबांनी मान हलवली, कोट काढून माझ्याकडे दिला आणि पोतं अंथरून मोटारीखाली गेले. एका लहान हातोडीने ते सांगाडा वाजवत निघाले. टण, टण, टण. मधोमध आल्यावर ठप्प.

"इथे काय आहे?" त्यांनी आतूनच विचारलं, आणि मी ते आप्पांना मराठीत सांगितलं.

"रंग हाय म्हणून सांग," आप्पा हळूच म्हणाले.

"काय न्हाय म्हण की गं!" काकू दारातून म्हणाली. "नाकडोळं बघावं आणि जावं. हातोडीनं कोण बघतंय?"

कोट धरून मी उभी होते. समोर फक्त साहेबांचे बूट दिसत होते, त्यामुळे थोडा धीर आला. "जोड आहे," मी इंग्रजीत म्हणाले. "कापून जोडलंय. वर लांबी भरलीय." त्या वर्षातलं ते माझं सर्वांत लांब भाषण. त्यातला 'जॉइंट' तेवढा आप्पांना कळला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनी पटाशी मागवून लांबी खरवडली, एकेक रिव्हेट वाजवला आणि बाहेर येऊन निकाल दिला. दोन रिव्हेट ढिले आहेत, ते बदला. झाकलेला जोड मी पास करत नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा येईन. हे सगळं मराठीत सांगायचं कामही माझ्याकडेच होतं.

जेवताना आप्पा माझ्याकडे पाठ करून बसले. काकूने मात्र सुनावलं. "चांगली शिकली पोरगी. घरातलं भायेर सांगाय इंग्रजी लागतंय, न्हाय का?"

दुपारी आप्पा मोटारीखाली गेले. मी पायरीवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "कुठलं दोन म्हणाले साहेब?"

"डावीकडचे. मागून तिसरा आणि चौथा."

हातोडी दोनदा वाजली.

"हलतंय की गं," आप्पा म्हणाले. "लांबीखाली मलाच दिसलं नसतं. माणसं भरून येळ्ळूरच्या खड्ड्यात गेल्यावर कळलं असतं."

सोमवारी सांगाडा जोडापाशी उघडा होता. साहेबांची हातोडी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी वाजत गेली. मधे ते थांबले आणि बदललेले रिव्हेट कुठले ते त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आप्पा स्वतःच खाली सरकले, दोन्ही रिव्हेटांवर बोट ठेवून म्हणाले, "ह्ये नवं. आणि ह्ये बी." साहेबांना कळलं. ते बाहेर आले, हात पुसले आणि कागदावर सही केली.

"मग हिला सकाळपासनं कशाला उभी केली?" काकूने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"असू दे," आप्पा कागद वाळवत म्हणाले. "ही जवळ असली की मला खोटं बोलाय ईत न्हाय."