पितळी चाळणी

झारखंडच्या जंगलात तांबं शोधायचं म्हणजे ओढ्याओढ्यातला गाळ उपसायचा, चाळायचा आणि पिशव्यांत भरून कोलकात्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. वरच्या डोंगरात धातू असेल तर त्याचा अंश गाळात उतरतो. कल्पना सोपी, पाय मात्र आपले.

गेल्या हिवाळ्यात तिथे आमची नायलॉनची चाळणी फाटली. नवी यायला दोन दिवस लागणार होते, आणि मला एका जागी दोन तास बसवत नाही. ड्रायव्हरने आठवडी बाजारातून पितळी चाळणी आणली. शेवटचे नऊ नमुने मी तिच्यातून चाळले.

निकाल आले तेव्हा मी कोलकात्यात, न्यू टाउनच्या ऑफिसात होतो. त्या नऊ पिशव्यांत तांबं भरभरून. साहेबांनी लगेच खोऱ्याचा नकाशा फ्रेम करायला टाकला. दिल्लीहून पाहुणे येणार म्हणून शाली आणि रजनीगंधाचे हार सांगितले गेले. पुढच्या मोहिमेचा प्रमुख म्हणून माझं नाव लागलं : चार महिने जंगल, ऑफिस नाही. मी मात्र आकडे बघत बसलो. त्याच नऊ पिशव्यांत जस्तही चढलं होतं. तांबं अधिक जस्त म्हणजे पितळ, हे शाळेत शिकवतात.

दोन दिवस मी संध्याकाळी घरी जाताना मध्येच एस्प्लनेडच्या गर्दीत बसमधून उतरून उगाच पायी हिंडलो. बोललो तर मोहीम गेली. गप्प राहिलो तर झाडं पाडून ड्रिलिंग मशीनसाठी रस्ता होणार, आणि खाली निघणार नुसता दगड.

तिसऱ्या दिवशी सांगितलं.

"पितळेची चाळणी?" साहेब हिंदीत म्हणाले. "नोकरीला तीस वर्षं झाली ना तुम्हाला?"

"एकतीस."

"मग पाहुण्यांना काय दाखवू? शाल?"

दुसऱ्या तुकडीने नमुने पुन्हा घेतले. तांबं नव्हतं. दुकानदार शाली परत घेईना, म्हणून समारंभ झालाच. विषय, कामातील अचूकता. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

मोहिमेवर माझा सहकारी गेला. मी ऑफिसात जुन्या अहवालांच्या याद्या करतो आणि घरी आलो की खिडकीपासून दारापर्यंत चालतो.

"अहो, बसा की जरा," परवा बायको म्हणाली. "खालच्या बाई विचारत होत्या, वर कोणी नवीन राहायला आलंय का?"

मी चपला काढल्या आणि चालत राहिलो.