अक्काच्या वाट्याची वाकळ

हैदराबादला संसार थाटायला गेले आणि पहिल्याच दिवशी वाकळीला उस्मानिया बिस्किट खाऊ घातलं. एवढी शहाणी होते मी.

आमच्याकडं वाकळ उपाशी ठेवत नाहीत. सगळे टाके घालून झाले की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा सारतात आणि मग तोंड शिवतात. मी ठाणाकुशनूरहून निघाले तेव्हा आईनं तो कोपरा मुद्दाम उघडा ठेवला होता. "तुज्या चुलीवरची पयली भाकर झाली की घास घाल अन् मग शीव," असं तिनं बसच्या खिडकीपाशी येऊन पुन्हापुन्हा बजावलं. तिच्या शेजारी अक्का, माझी थोरली बहीण. ती माझ्याकडं बघतच नव्हती. टपावर चढवलेल्या वळकटीकडं बघत होती. त्या वळकटीतली वाकळ आम्ही दोघींनी शिवलेली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी आणि मधे भांडण. अप्पा म्हणाले, "रडू नगो पोरी, शहराला चाललीस." मी कुठं रडत होते? मला बस कधी सुटते असं झालं होतं. खिडकीत बसून मी गावातल्या सगळ्या पोरींपेक्षा उंच झाले होते.

मग शहरात भाकरीचा घास म्हणजे गावंढळपणा वाटला. आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, इराण्याच्या हॉटेलातून बिस्किटं आणली होती. त्यातलं एक मी कोपऱ्यात सारलं आणि ऐटीत शिवून टाकलं. आधी मुंग्या आल्या, मग उंदीर आला. मालक म्हणाले, "तुमच्या बिदरकडच्या वाकळीत पाळीव जनावरं असतात काय?" कुरतडलेली वाकळ मी लाजून गावाकडं धाडली, अक्कानं ठिगळ लावून द्यावं म्हणून. अक्कानं लावलं, पण वाकळ वर्षभर स्वतःपाशी ठेवून घेतली. तिथून आमची रीतच पडली. एक वर्ष वाकळ तिच्याकडं, एक वर्ष माझ्याकडं. जिच्याकडं असेल तिनं त्या वर्षाचं एक ठिगळ लावायचं आणि येत्या-जात्या माणसाबरोबर धाडून द्यायची.

अक्काचा नवरा माझ्या लग्नाआधीच वारला होता. पदरी मूल नाही. ती माहेरी परत आली आणि आई-अप्पांचं तिनंच केलं. आता दोघंही नाहीत, त्या घरात ती एकटी असते. मी इकडं तेलुगू शिकले, दखनीतलं "नक्को" आणि "हौ" म्हणायला शिकले, भाकरी सोडून भातावर आले. गावाला जायचे ते लग्नाला नाही तर मातीला. चौदा एप्रिलच्या जयंतीला सगळं गाव गोळा होतं, तेव्हासुद्धा नाही. पोरांच्या शाळा होत्या, मालकांची ड्युटी होती. कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

गेल्या वर्षी माझी नात प्रज्ञा एका बाईंना घरी घेऊन आली. प्रज्ञा चित्रकला शिकते. त्या बाई 'ताटातूट' नावाचं प्रदर्शन मांडत होत्या. चित्रं, फोटो, बायकांची गाणी, बिदरी धातूचं नक्षीकाम, सगळं एकटेपणावर. त्यांना माझी वाकळ हवी होती. कॅमेरा लावला, दिवे लावले. मी बिस्किटाची गोष्ट सांगितली आणि पोट धरून हसले. बाईंचा चेहरा पडला. "आजी, इथं आल्यावर एकटं नाही वाटलं?" त्यांनी विचारलं. कुठलं एकटं? एका नळावर सगळी चाळ भांडायची. पण बाई इतक्या आशेनं बघत होत्या, आणि मला कुणी आयुष्यात पहिल्यांदा कलाकार म्हटलं होतं. मग दिलं थोडं रडून. रडायला लागले तशी अक्का आठवली. तिचं नाव घेऊन आणखी रडले. "माझी अक्का तिकडं एकटी हो," असं म्हणून पदर तोंडाला लावला. कॅमेऱ्यामागचा पोरगासुद्धा डोळे पुसायला लागला. मला वाटलं, वा शांते, जमलं तुला.

बाई वाकळ घेऊन गेल्या, पण ते वर्ष खरं तर अक्काच्या वाट्याचं होतं. थंडी पडली तसे तिचे फोन सुरू झाले. "वाकळ कवा धाडायलीस?" मी म्हणायचे, धाडते. बाई म्हणायच्या, आजी, लोक फार येताहेत, अजून थोडे दिवस. मग म्हणाल्या, दिल्लीला न्यायची आहे, पुढं परदेशात. शेवटी अक्का म्हणाली, "तुला धाडायला हुईना तर मीच येते न्यायला." आणि गुडघ्यांना तेल चोळून, बिदरला गाडी बदलून, ती खरंच आली.

तोवर मीही प्रदर्शन पाहिलं नव्हतं. गेलो दोघी, प्रज्ञाबरोबर. थंडगार हॉल. एका भिंतीवर कुलूप लावलेल्या दारांचे फोटो. एका काळ्या पेटीतून कुणा बाईचं दळणाचं गाणं चाललेलं, पण जात्याची घरघर काढून टाकलेली. तिचा आवाज नुसता लटकत होता. लोक दवाखान्यात असल्यासारखे हळू चालत होते. आणि समोर आमची वाकळ, खुंट्यांवर ताणलेली, कातडं वाळत घातल्यासारखी.

खाली पाटी होती. प्रज्ञानं वाचून दाखवली. 'एका मूक स्त्रीचा आक्रोश.' मूक? मी? आमच्या चाळीत विचारा! पुढं लिहिलं होतं, मधला पांढरा तुकडा वैधव्याची खूण. अहो, ते माझं लग्नातलं लुगडं! आमच्यात नवरी पांढऱ्यात उभी राहते. माझ्या जिवंत नवऱ्याला त्यांनी लग्नाच्या दिवशीच मारून टाकलं होतं. माझं डोकं फिरलं. आणि खरं सांगू? बाईंवर जेवढी चिडले त्याच्या दुप्पट स्वतःवर. त्यांनी वैधव्य कुठून आणलं? मीच पदर तोंडाला लावून दिलं होतं.

मग उजेडात एक दिसलं, जे अंगावर घेऊन झोपताना कधी दिसलं नव्हतं. माझ्या ठिगळांत मालकांचा खाकी शर्ट, पोराचा शाळेचा गणवेश, सुनेची साडी, प्रज्ञाचा फ्रॉक. अक्काच्या ठिगळांत सुरुवातीला एक आईचं लुगडं, एक अप्पांचं धोतर. पुढं सगळी तिचीच लुगडी. दुसऱ्या कुणाचं लावणार?

अक्का पाटीकडं बघतही नव्हती. ती पुढं झाली आणि एक उसवलेला टाका बोटानं दाबायला लागली. शिपाई धावला. "अम्मा, हाथ नक्को लगाओ!"

"कामून?" अक्का म्हणाली. "माजी हाय की."

तेवढ्यात शेजारच्या पडद्यावर मी दिसले. रडत होते. 'माझी अक्का तिकडं एकटी हो.' अक्कानं सगळं उभ्यानं ऐकलं. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाई धावत आल्या, अक्काचे हात धरून म्हणाल्या, "तुम्हीच त्या?" आणि फोटो काढायला पोरगं बोलावलं.

तेव्हा मी ओरडले. त्या हॉलमध्ये इतक्या मोठ्यानं कुणी बोललं नसेल. "उतरवा म्हणते ना! तिच्या अंगावर घालायला नाही आणि भिंतीला पांघरूण?" बाई म्हणाल्या, "आजी, इथं ती टिकेल. घरी फाटून जाईल." मी म्हटलं, "फाटू द्या. फाटली की ठिगळ लावू, तेवढंच तर येतं आम्हाला." आणि स्टुलावर चढले. प्रज्ञा आधी "आजी, प्लीज" म्हणत होती, मग गुपचूप तिनंच दुसरी खुंटी सोडवली.

त्या भिंतीवर माझंच एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जिथं वाकळ, तिथं घर.' मी ते कॅमेऱ्यापुढं म्हटलं होतं, आणि त्याआधीही कितीतरी जणांना ऐकवलं होतं. ऐकायला किती छान वाटतं. गाव सोडलेल्या माणसाला असली वाक्यं फार सुचतात. तिकिटाला पैसे घालण्यापेक्षा स्वस्त पडतात.

बसस्टँडवर अक्का वाकळीची घडी मांडीवर घेऊन बसली. मी जवळ बसले, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "अक्का, आता इथंच राहा माझ्यापाशी. तिकडं एकटी कशी राहशील?"

तिनं माझा हात बाजूला केला.

"एकटी हाय म्हनून माज्या नावानं लोकांपुढं रडायलीस व्हय? आई गेली तवा सांजच्या गाडीनं माघारी. अप्पा गेले तवाबी सांजच्या गाडीनं माघारी. वाकळ एका वर्साआड येतीया, शांते. तू कवा यायलीस?"