मांड्यावरचं आकाश

एका आखाजीला माझ्या हातून एक अख्खा तारा आमरसात पडला.

आमचं गाव दोंडाईचाजवळ. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, जावई जेवायला येतात आणि सासवांची परीक्षा होते. परीक्षा मांड्यांची. पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत झेलत सुपाहून मोठा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. (शाळा मी चौथीपर्यंतच शिकले, पण मांड्यात गावात कोणी माझा हात धरू शकत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असते.)

आदल्या वर्षी जावयांच्या ताटात फाटका मांडा गेला होता. जावई जळगावला विज्ञानाचे मास्तर, जेवढे हुशार तेवढेच रुसके. भरल्या ताटावरून उठले, गाडी पकडली, आणि त्या दिवाळीला माझी लेक सुमन माहेरी आलीच नाही. म्हणून या खेपेला तिने आल्या आल्या मला बजावलं, "माय, फाटका मांडा वाढलास तर ही दिवाळीही गेली समज."

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याच्या डोक्यापेक्षा माझा मांडा घट्ट आहे."

जावई नवा पांढरा सदरा घालून चुलीजवळ पाटावर बसले होते. माझ्या लेकाची लेक कोमल त्यांना विचारत होती, सूर्य पृथ्वीला ओढतो, मग ती त्याच्यात जाऊन पडत का नाही? ते म्हणाले, ती सतत पडतेच आहे, पण आडवी इतक्या जोरात पळते की दर वेळी तिचा नेम चुकतो आणि ती फिरत राहते. चंद्राचंही पृथ्वीभोवती तसंच. सतत येत राहायचं आणि पोहोचायचं कधीच नाही! मला आमच्या गावची एसटी आठवली.

मग म्हणाले, ताणलेली चादर असती तर दाखवलं असतं. जड वस्तूने चादरीला खोलगा पडतो, आणि हलकी वस्तू त्याच्या कडेने फिरते. माझ्या दोन्ही हातांवर तेव्हा शेवटचा मांडा होता, खास जावयांसाठी राखलेला. मी गप्प बसायचं की नाही? पण म्हटलं, "चादर कशाला? हा घ्या."

जावयांचे डोळे चमकले. "मामी, आता हलू नका."

त्यांनी मधोमध लिंबू ठेवलं. हा सूर्य. मांड्याला सुरेख खोलगा पडला. मग कडेने हरभऱ्याचा दाणा सोडला. ही पृथ्वी. पृथ्वीने अर्धी फेरी मारली आणि पिठात रुतून बसली. मांडा मात्र जसाच्या तसा! हातावर सूर्य पेलणारी सासू धुळे जिल्ह्यात दुसरी नसेल, या विचाराने मी पुरीसारखी फुगले.

कोमलने आत्याच्या नवऱ्याला विचारलं, "फुवा, सूर्याहून जड तारा असला तर?"

"तर खोलगा आणखी खोल," म्हणत फुवांनी टोपलीतला सगळ्यात थोर आंबा उचलला. सुमन दारातून मानेने नको नको म्हणत होती.

"ठेवा बिनधास्त," मी म्हटलं.

आंबा क्षणभर टेकला. मग मांड्यातून आरपार गेला. खाली आमरसाचं पातेलं होतं! मागोमाग सूर्य गेला, पृथ्वी गेली, पुरणही गेलं. रस उडाला तो नेमका जावयांच्या सदऱ्यावर आणि चष्म्यावर. माझ्या हातांवर एवढं मोठं भोक लोंबत राहिलं, भोवती थोडा मांडा.

"बठ्ठा रस गया ना, माय, सगळा गेला," म्हणत सुमन उंबऱ्यावरच बसली. कणीक संपली होती. तिची दिवाळीही संपल्यात जमा होती.

जावयांनी चष्मा काढला. चाटला. (खरंच चाटला.) भोकाकडे बघितलं आणि म्हणाले, "मामी, वर्गात इतकं चांगलं मला कधी दाखवता आलं नाही. टाका खापरावर. मी हाच खाणार."

खाल्लाही. भोकातून बोट घालून कोमलला आकाश समजावत खाल्ला. दिवाळीला सुमन आली, चांगली आठवडाभर राहिली.

पण तेव्हापासून जावयांना अख्खा मांडा वाढला की ते तोंड पाडतात. त्यांना भोकाचाच हवा. आणि मेला आता फाटत नाही! मी आंबा ठेवते, दोन ठेवते, गेल्या आखाजीला तर नारळ ठेवला. शेवटी गावात मांड्यात पहिली असलेली मी चुलीकडे तोंड फिरवते आणि गुपचूप बोटाने भोक पाडते.