अष्टमीला हरवलेली देवी

ती बाई पदर सावरत माझ्यासमोरून गेली होती, हे आठवलं की आजही मी ओशाळतो.

तेव्हा मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत इंग्रजांच्या काळातली दगडी कचेरी होती. तिच्यात खाली चित्रांचं दालन आणि वर जुन्या मूर्तींचं संग्रहालय केलेलं. नवरात्रातल्या अष्टमीला तिथून वीतभर उंचीची देवीची मूर्ती गेली. भरदिवसा, माझा बंदोबस्त दाराशी उभा असताना! माझा तर विश्वासच बसेना.

ही देवी धाड गावाकडच्या एका खेड्यात विहीर खणताना सापडलेली. म्हणून अष्टमीला तेवढी काच उघडायची आणि बायकांना ओटी भरू द्यायची, असा तिथला रिवाज. संध्याकाळी पहारेकरी काच बंद करायला गेला, तर खणा-नारळांच्या ढिगामागे मूर्तीच नाही.

गुन्हा दाखल झाला, पंचनामा झाला. कॅमेऱ्याचं चित्रण डोळे दुखेपर्यंत पाहिलं, पण काचेपुढे नुसती बायकांची गर्दी. पिशव्या दाराशीच ठेवून घेतलेल्या, बाहेर पडणाऱ्या कोणाच्या हातात काही नाही. काचेपाशी दिवसभर पहारेकरीच, किल्लीही त्याच्याकडे, म्हणून संशय त्याच्यावर. मी त्याला ठाण्यात बसवून फैलावर घेतलं. "साहेब, आईची आन, मले काईच ठाऊक नाई," एवढंच तो म्हणत राहिला. बाहेर पायरीवर त्याची बायको तान्ह्या पोराला घेऊन बसून होती.

दसरा उलटला आणि धाडच्या बाजारातून माझ्या खबऱ्याचा फोन आला. हा बांगड्या विकायचा.

"साहेब, एका बाईनं हिरव्या बांगड्या नेल्या. तान्ह्या पोरीलेबी होनार नाईत इतल्या बारीक. कोनासाठी म्हनून पुसलं, तं पैसे टाकून चालली गेली!"

बाई देवी सापडली त्याच खेड्यातली, विहीर तिच्याच शेतातली. महिला शिपाई घेऊन मी घर गाठलं. बाई भाजी निवडत होती. तिला पाहिलं आणि मी चमकलोच. अष्टमीला ओटीचा प्रसाद पदरात घेऊन ती बाहेर पडली, तेव्हा मीच शिपायांना बाजूला सारून तिला वाट करून दिली होती. भरल्या ओटीची झडती कोण घेणार? आमच्यात कोणाच्या मनातही आलं नाही.

तरी बाई काही कबूल करेना. दरडावलं, कायदा सांगितला, पण तिनं भाजीवरची नजर हलवली नाही. शेवटी वैतागून मी म्हणालो, "तुमच्यापायी तो पहारेकरी अडकलाय. नोकरी जाईल त्याची. बायको पोर घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसलीय."

तिचे हात थांबले. "त्याले काऊन धरलं? त्यानं काईच नाई केलं."

ती उठून आतल्या खोलीत गेली. तिथे दिवस भरलेली सून खाटेवर होती आणि तिच्या उशाशी बांगड्या ल्यालेली ती देवी.

"देवी कचेरीत नेली तवापासून सुनंची दोन लेकरं पोटातच गेली, साहेब. बाळंत झाली का मीच आनून देनार होतो."

सुनेनं मूर्ती पोटाशी धरली. "आत्याबाई, नका हो देऊ!" सासूनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

"दे बाई. त्याच्याबी घरी लेकरू हाय."

पहारेकऱ्याला मी त्याच दुपारी सोडलं. बाईला पुढे जामीन मिळाला. माणूस धाकानंच बोलतो, असं मी नव्या शिपायांना शिकवत आलो होतो. त्यानंतर ते शिकवणं बंद केलं.

मूर्ती सील करून मालखान्यात ठेवली. मुद्देमालाला हात जोडायची पद्धत पोलिसात नाही, आणि मी देवभोळाही नाही. पण मी जोडले. सून सरकारी दवाखान्यात सुखरूप बाळंत झाल्याचा निरोप येईपर्यंत रोज जोडले.