सावकाशरावांची पांढरी फीत

आमच्या ह्यांना गल्लीत सावकाशराव म्हणतात. समोरच्या चहावाल्याने ठेवलेलं नाव आहे, आणि नावं ठेवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. रस्ता ओलांडायचा असो की जिना उतरायचा असो, हे आधी थांबणार, पायाखाली बघणार, मग पाऊल टाकणार. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला वाटायचं, काय रुबाबात चालतो हा माणूस! मी मात्र जन्मापासून धावतेच आहे. आमची जोडी म्हणजे एक घड्याळ पुढे, एक मागे.

हे सैन्यात सुरुंग काढायचे. शत्रूने जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचे, निकामी करायचे आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करायची. अठ्ठाविसाव्या वर्षी एक सुरुंग यांच्यापासून दहा पावलांवर फुटला. पुढे असलेला जोडीदार गेला. हे उडून दगडावर आपटले, डोक्यावरचं हेल्मेट चेपलं, दोन दिवस शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी उठून बसले, स्वतःचं नाव सांगितलं, डॉक्टरांची बोटं मोजून दाखवली. तेव्हा सगळे म्हणाले, काही झालं नाही. मग आमचं लग्न झालं, पाणीपुरवठ्यात पंप चालवायची नोकरी झाली, तीस वर्षांत एक खाडा नाही. मीही म्हणत राहिले, काही झालं नाही.

अडुसष्टाव्या वर्षी हे हरवायला लागले, तेही घरातल्या घरात. दूध गॅसवर ठेवून खिडकीशी जायचे आणि खिडकीतच राहायचे. अंघोळीला म्हणून निघायचे आणि कपाटासमोर उभे, हातात टॉवेल, चेहऱ्यावर असं काही हसू की जणू कपाटाच्या आत कुणी गात आहे. "अहो, काय करताय?" विचारलं की दचकायचे, मग चिडायचे. मी त्यांच्या वरताण चिडायचे. बायकोच्या तोंडाचा पट्टा हे औषध असतं, तर हे केव्हाच खडखडीत बरे झाले असते.

शेवटी लेकीने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तरुणपणी डोक्याला बसलेला मार कधीकधी म्हातारपणी असा वर येतो. गेलेलं सगळं परत येणार नाही, पण आहे ते सांभाळता येईल, थोडं वाढवताही येईल. झोप नीट हवी, रक्तदाब आटोक्यात हवा, रोज चालणं हवं. कान तपासले तर डावा कान त्या स्फोटापासूनच मंद. कानाला यंत्र बसवलं आणि निम्मं विसरणं कमी झालं, कारण ते मुळात यांना ऐकूच आलेलं नव्हतं. चाळीस वर्षं मी ज्या कानाशी भांडत होते तो बिचारा बहिरा होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, पण बोलून दाखवलं नाही.

दवाखान्यात दर मंगळवारी अशाच आठ-दहा जुन्या सैनिकांचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई सगळ्यांना एकेक वही द्यायच्या आणि म्हणायच्या, काम करायच्या आधी लिहा, झाल्यावर खूण करा. आम्ही त्यांना वहीवाल्या बाईच म्हणायचो. यांनी वहीला हात लावला नाही.

"मी काय पहिलीत आहे?" हे म्हणाले.

बाई हुशार. वही बाजूला सारून त्यांनी विचारलं, "जमिनीखाली काय आहे ते माहीत नसताना तुम्ही पुढे कसे जायचात?"

आणि हे बोलायला लागले. मला चाळीस वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते त्या खुर्चीत बसून, डोळे अर्धे मिटून, एखादं स्वप्न सांगावं तसं सांगितलं. आधी थांबायचं. बघायचं. काय दिसतं ते मोठ्याने बोलायचं. सळईने माती चाचपायची. मगच पाऊल. आणि मागे जमिनीवर पांढरी फीत अंथरत जायची. फितीच्या आत जमीन आपली, बाहेर कुणाची ते देव जाणे. फीत संपली की जिथे आहोत तिथे उभं राहायचं, पुढची फीत येईपर्यंत. पाऊस आला तरी, दिवस मावळला तरी.

"मग घरातही फीतच लावा की," बाई म्हणाल्या.

माझं शिवणकामाचं दुकान घराच्या खालीच आहे. तिथून यांनी पांढऱ्या कापडी फितीची अख्खी दोन रिळं पळवली. पलंगापासून न्हाणीघर, तिथून घरातल्या अरुंद बोळातून औषधांचं कपाट, तिथून ओटा, तिथून खिडकीजवळची खुर्ची, अशी फीत चिकटपट्टीने जमिनीवर लावली. जिथे वळण तिथे भिंतीवर चिठ्ठी: थांब, बघ, बोल. सकाळी वरून आवाज यायचा, "समोर गॅस. गॅस बंद. हातात कप. कप रिकामा." मला हसू यायचं आणि मग सुईत दोरा ओवता यायचा नाही. दूध उतू जाणं थांबलं. गोळ्या वेळेवर जाऊ लागल्या. कधी खिडकीत हरवलेच, तर फितीकडे बघून परत यायचे. एकदा मला म्हणाले, "घर आता धुक्यातून वर आल्यासारखं वाटतं गं."

पण लेकीचा जीव टांगणीला लागलेला. तिने माजी सैनिकांच्या निवासगृहात नाव घातलं होतं आणि तिथे एक खाट रिकामी होणार होती. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. लेक वाईट नाही. तिला वाटायचं, मी खाली मशीनवर आणि वर हे एकटे, एक दिवस काहीतरी आक्रीत होईल. वहीवाल्या बाईंनी तोड काढली. एक आठवडा, रोज आठ ते एक, यांनी वर एकट्याने राहून दाखवायचं. हाक मारली तरच मी जायचं. वरून नुसतं खाकरलं तरी दुकानात ऐकू येतं, त्यामुळे मलाही धीर होता. जमलं तर घरी, नाही तर निवासगृह. मी वरवर म्हटलं, ठीक आहे. पण या माणसाशिवाय मी कुणावर ओरडणार होते?

सोमवार ते गुरुवार सगळं सुरळीत पार पडलं. शुक्रवारी दुपारी लेक अर्ज घेऊन बघायला येणार होती.

आणि शुक्रवारी सकाळी मला स्वच्छतेची हुक्की आली. घरात कागदाचा कपटा पडलेला मला चालत नाही. जमिनीवरच्या मळक्या फिती, निघालेल्या चिकटपट्ट्या, भिंतीवर चिठ्ठ्या. लेक काय म्हणेल, आईने घराचं काय करून ठेवलंय! चार दिवस एवढे छान गेले, आता यांना पाठ झालं असेल, असं मीच ठरवलं. हे पलंगावर बसून मोजे घालत होते. मी खुर्चीपासून फीत गुंडाळत आले. बोळातल्या कपड्यांच्या कपाटापाशी ती कपाटाच्या पायाखाली अडकली. आठ वाजत आले होते, गिऱ्हाईक खाली उभं होतं. तिथेच कात्रीने कापली, गुंडाळी ओट्याखालच्या डब्यात टाकली, पलंगाकडची राहू दिली आणि धावत खाली गेले.

त्या दिवशी वरून "समोर गॅस" ऐकू आलं नाही. मला वाटलं, मशीनच्या आवाजात राहिलं असेल.

एक वाजता लेक आली, आम्ही दोघी वर गेलो. हे बोळात उभे होते. फीत जिथे कापली होती त्याच फरशीवर, पाय जुळवून, हात बाजूला. पाय सुजून मोज्यांतून वर आलेले. पँट ओली होती. चहा नाही, गोळ्या नाहीत. पाच तास.

"बाबा!" लेक ओरडली.

"तिथेच थांब," हे शांतपणे म्हणाले. "पुढची फीत कुणीतरी उचलली आहे."

मी खाली बसून रिळावर उरलेली फीत त्यांच्या पायांपासून खुर्चीपर्यंत अंथरली. मग ते चालले आणि बसले. लेकीने पाणी दिलं. ते घोट घोट प्यायले आणि सांगू लागले, की बोळ हळूहळू रुंद होत गेला, भिंतीवरचं ऊन गवतासारखं हललं, फरशा मातीच्या झाल्या, आणि जोडीदार पुढे पाठमोरा उभा होता, तोही हलत नव्हता. "बरं वाटलं त्याला बघून," हे म्हणाले.

लेक माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "आई, बघितलंस ना? आता हट्ट सोड."

गप्प बसणं सोपं होतं. ओट्याखालच्या डब्यातल्या फितीकडे कुणाचं लक्षही गेलं नसतं. उभ्या आयुष्यात मी कुणापुढे चूक कबूल केलेली नाही, यांच्यापुढे तर नाहीच. पण ते निवासगृहात जातील आणि मी ही गोष्ट पोटात ठेवून दुकानात बसेन, हे काही मला जमणार नव्हतं.

"फीत मी उचलली," मी म्हटलं. "तू येणार म्हणून. घर नीटनेटकं दिसावं म्हणून. त्यांचं काही चुकलं नाही. चुकले ती मी."

लेकीने अर्ज उघडला. "तरीसुद्धा आई, हा प्रश्न बघ. अडचणीत सापडल्यास मदतीसाठी हाक मारता येते का? पाच तास, आई! तू जिन्याच्या खाली होतीस. बाबा, तुम्ही हाक का नाही मारली? आठवलं नाही का?"

"आठवत होतं की," हे म्हणाले. "खाली मशीन चालू होतं, ऐकू येत होतं मला."

"मग?"

"हिला ओळखत नाहीस का तू? मी हाक मारली असती, तर ही धावत आली असती. फीत नसलेल्या जमिनीवरून."

मला रडू आवरेना. लेकीने पेनाला टोपण लावलं आणि वडिलांचे ओले मोजे काढायला खाली बसली. ती खाट तिने दुसऱ्या दिवशी फोन करून दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितली. वहीवाल्या बाईंनी मात्र आम्हा दोघांना समोर बसवून करार करून घेतला: यांनी हाक मारायची आणि मी न धावता, फितीवरून यायचं.

पहिली हाक बुधवारी आली. मी हातातला ब्लाउज तसाच सुईखाली सोडला. जिना एक एक पायरी चढले, बोळातून फितीवर पावलामागे पाऊल टाकत गेले. हे खुर्चीत निवांत बसले होते.

"काय झालं?"

"काही नाही," हे म्हणाले. "कशी येतेस ते बघत होतो."